समासातले ठिपके

कँडी शहरामागच्या डोंगरावर दुपारी तीनलाच धुकं उतरलं होतं. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत इमेषाने दोन्ही बाजूंनी उघड्या कपाटातला एक जाडजूड खंड ओढला... आणि पलीकडून कुणीतरी तोच खंड परत ओढून घेतला!

ती किंचाळणारच होती. तेवढ्यात पुस्तकांच्या फटीतून दोन मिश्कील डोळे दिसले.

"भूत नाही, रुविंदू आहे. तुझा दुसरा वाचक."

"मग पळ इथून! आपण भेटायचं नाहीये."

"पेपरांबद्दल बोलायचं नाहीये. भेटायला कुठे बंदी आहे? नियम तरी नीट वाच... म्हणे संशोधन शिकतेय!"

इमेषा दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर वर्गात होती. हिरड्यांच्या आजारावरचे तीस संशोधन-पेपर पारखायचे, यावर तिचा प्रबंध उभा राहणार होता. रुग्णांचे गट खरंच चिठ्ठ्या टाकून पाडले की सोयीने, मध्येच गळालेल्या रुग्णांचा हिशेब लेखकाने लपवला का, हे तिने आणि दुसऱ्या वाचकाने एकमेकांशी न बोलता वेगवेगळं तपासायचं, गुण द्यायचे आणि फॉर्म पाकिटात बंद करायचा. तिसावा पेपर झाल्यावरच पाकिटं फोडायची. तिच्या मार्गदर्शक एल्लेपोला मॅडमना पडद्यावरचं वाचन खपत नसे, त्यामुळे दोघांनाही बांधलेले छापील खंडच वाचावे लागत. मॅडमनी काम नापास केलं, की इमेषाचं अख्खं वर्ष पाण्यात!

तीन महिने ते दोघं पेपर सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले. काळ्या चहाबरोबर तो तिच्यासाठी कितुल ताडाच्या गुळाचा खडा आणी.

"आज धुकं फार सुंदर दिसतंय," तो एकदा तिच्याकडेच बघत म्हणाला.

"धुकं... की आणखी काही?"

"हा प्रश्न पाकिटात घाल. नंतर उघडू."

ती हसली. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत हसू फार वेळ टिकत नसे. खंड उघडला की समासात पेन्सिलीचा ठिपका असायचा. बारीक, शेपटी असलेला. तिला जिथे शंका येणार, नेमका त्याच ओळीशी! अकरा रुग्ण गायब झालेत... ठिपका. चिठ्ठ्या कुणी टाकल्या ते लिहिलेलं नाही... ठिपका. बोट फिरवलं की शिसं बोटाला लागायचं, इतका ताजा. रुविंदूच करत असणार, असं तिने ठरवून टाकलं. तिला बरंही वाटलं, मानेवर काटाही आला. छताशी पाल चुकचुकली, तशी तिने घाईघाईने पान उलटलं.

पाकिटं फोडली त्या दिवशी मॅडमचा चेहरा कठोर झाला. तीसच्या तीस पेपरांचे गुण तंतोतंत जुळले होते.

"तीस वर्षांचा संसार केलेली जोडपीसुद्धा इतकी एकमताची नसतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही नक्कल केलीत."

त्यांनी एका नव्या पेपरच्या दोन झेरॉक्स प्रती दिल्या आणि दोघांना दोन खोल्यांत बसवलं. जाताजाता इमेषा पुटपुटली, "ठिपके कशाला केलेस रे?"

रुविंदूचा रंग उतरला. "मी? मला वाटलं... तू करतेस."

तासाभराने फॉर्म जुळवले. आठ प्रश्नांपैकी पाचांवर मतभेद! इमेषाला सगळं लख्ख कळलं. बिनठिपक्यांच्या कागदावर ती दोघं दोन माणसं होती. खंडांत मात्र तिसरंच कुणीतरी दोघांना हाताला धरून नेत होतं.

गप्प राहिलं तर नक्कल ठरणार होती. खरं सांगितलं तर तीन महिन्यांचं काम तिच्याच तोंडाने रद्द होणार होतं. तिला रडू आलं, पण ती बोलली. "मॅडम, आम्ही एकमेकांचं पाहिलं नाही. पण खंडांत खुणा होत्या, आणि आम्ही दोघंही त्यांच्या मागे गेलो. तीसही पेपर बाद करायला हवेत."

मॅडमनी खंड मागवला. ठिपका पाहिला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

"उपुल असाच शेपटीचा ठिपका काढायचा," त्या म्हणाल्या. "माझ्या प्रबंधाचा दुसरा वाचक. आम्ही नियम फार कडक पाळला... पाकिटं फुटेपर्यंत कशाबद्दलच बोललो नाही. शेवटच्या आठवड्यात तो तापाने गेला. बावीस वर्षं झाली."

खंड तर गेल्याच वर्षी छापलेला होता.

"नवे पेपर घ्या, झेरॉक्सवर पुन्हा सुरुवात करा. दोन महिने वाढवून देते," मॅडम म्हणाल्या. "आणि बाकीचं बोलून घ्या. पाकिटाची वाट बघू नका. खंड आज माझ्याकडेच राहू दे."

बाहेर व्हरांड्यात धुक्यात समोरची झाडंही दिसत नव्हती.

"त्या दिवशी तू विचारलं होतंस..." रुविंदू अडखळला. "धुक्याबद्दल मी बोलतच नव्हतो. तुझ्याबद्दल बोलत होतो. मला तू आवडतेस, इमेषा."

"इतका उशीर?"

"नियम..."

"मला पहिल्या दिवसापासून आवडतोस," ती म्हणाली आणि तिने त्याचा गार हात आपल्या हातात घेतला.

सकाळी कपाटात परत ठेवण्याआधी तोच खंड दोघांनी उघडला. प्रत्येक ठिपक्याशेजारी आता दुसरा ठिपका होता, गोल, बिनशेपटीचा. शेवटच्या पानावर मॅडमच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सहमत.'

त्याच्या खाली, वेगळ्याच हातचं, आणखी एकदा... 'सहमत.'

इमेषाने बोट टेकवलं. शिसं बोटाला लागलं.