गार होईपर्यंत

"हे बिघडलंय," नायारा म्हणाली आणि तिने लगेच जीभ चावली.

अराशा या खाणीच्या शहरातल्या जूनच्या जत्रेत ती खरं तर चीजचे गरम पाव घ्यायला आली होती. वाटेत एका टेबलावर निळी कानातली दिसली आणि ती थबकली.

टेबलामागच्या तरुणाने भुवया उंचावल्या. "बिघडलंय? अहो, नायोबियम धातू आहे हा. खारट पाण्यात बुडवून वीज सोडली, की असा रंग चढतो."

"मला सांगता? कारखान्यात मी त्याचंच वेल्डिंग शिकतेय. आमच्याकडे निळा रंग आला की तुकडा भंगारात जातो."

"आणि माझ्याकडे आला की कानात जातो," तो हसला. त्याचं नाव ओताव्यो. "घालून तर बघा."

"नको. माझे कान सुजतात."

"याने नाही सुजणार. हा धातू कुणाच्या वाटेला जात नाही."

त्याने स्वतःच एक तिच्या कानात घालायला घेतलं. त्याची बोटं मानेला लागली मात्र, नायारा इतक्या झटकन मागे सरली की कानातलं खाली पडलं.

तरी पुढच्या रविवारी ती गेलीच. मग दर रविवारी. ओताव्यो हात हातात घ्यायचा आणि ती काढून घ्यायची. भीती तिच्या अंगातच मुरली होती. मागे ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि आता कामही हातचं जाणार अशी चिन्हं होती. तापलेल्या नायोबियमला हवा लागली की तो पापडासारखा ठिसूळ होतो, म्हणून सांध्यावर आर्गन वायूचा झोत धरावा लागतो. तिचे सांधे मात्र निळेच निघत. "घाई करतेस," एवढंच दोना जुरेमा, कारखान्यातल्या मुख्य बाई, म्हणत. घाई नेमकी कुठे होते, ते तिला कळत नव्हतं.

"उद्याचा तुकडा शेवटचा, पोरी," त्यांनी सांगून टाकलं. "निळा आला, तर तू आपली गावी आईकडे."

गाव खूप लांब होतं. तिथे कारखाना नव्हता आणि ओताव्योही नव्हता.

त्या दिवशी बसथांब्यावर तिने हे सांगितलं, तेव्हा ओताव्यो म्हणाला, "मी संत अंतोनियोची मूर्ती पाण्यात उलटी ठेवलीय."

"ते मुली करतात. नवरा मिळावा म्हणून."

"मुलगी करत नसेल, तर मुलानेच करायला हवं ना?" ती हसली. तो हसला नाही. "नायारा, जाऊ नकोस. मी तुझ्यावर—"

तिने हात काढून घेतला.

"दर वेळी हेच," तो हळूच म्हणाला. "वाक्य पुरं व्हायच्या आत पळतेस. एवढी कसली भीती?"

दुसऱ्या दिवशी ती शेवटचा तुकडा जोडायला बसली. झळाळत्या ठिणगीखाली कड कडेला मिळाली. तिने ठिणगी विझवली, आणि नेहमीसारखीच ऊर्मी आली... झोत उचल, बघ, बिघडलं का ते बघ.

घाई इथेच होत होती. भीतीपोटी ती सांधा गार व्हायच्या आतच झोत काढत आली होती.

ती थांबली. वायू सूं सूं करत राहिला. लाली गेली, तरी तिने हात हलवला नाही. शेवटी झोत उचलला, तेव्हा खाली सांधा चांदीसारखा पांढराशुभ्र होता.

दोना जुरेमांनी चष्मा चढवून तो बराच वेळ पाहिला. "सुचलं एकदाचं थांबायला," त्या पुटपुटल्या. "उद्या वेळेवर ये."

संध्याकाळी ती जत्रेत ओताव्योच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिचा उतरलेला चेहरा पाहून ओताव्योचा रंगच उडाला.

"जाणार तू?"

"नाही. राहतेय."

"मग अशी का दिसतेस?"

"भीती वाटतेय म्हणून." तिने आपला हात त्याच्या हातात ठेवला. "कालचं वाक्य अर्धंच राहिलंय... बोल ना."

तो बोलू लागला. बोलताना अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिने शेवटपर्यंत आपला हात काढून घेतला नाही.