मागच्या भेटीचे आभार

बस, सिवर्त. दिवा तिथंच असू दे, कपाटापाशी. फार उजेड आता मला सोसत नाही. बर्गनमध्ये नोव्हेंबर म्हणजे दुपारीच अंधारतं आणि पाऊस तर तू पाहतोच आहेस.

बोर्घिल्ड कशी आहे, हे विचारायला तू आलास. सगळेच विचारतात. मी सगळ्यांना सांगतो, पुष्कळ सुधारली. ते खोटं नाही. डॉक्टरही तेच म्हणतात आणि स्वतःवर खूश होतात. पण तू माझा विद्यार्थी होतास, म्हणून तुला नीट सांगतो. मधे अडवू नकोस. मला स्वतःलाच माझ्या सांगण्याची खात्री नाही. कुणी अडवलं की मी लगेच त्याचंच खरं धरतो.

जुलैतल्या त्या दिवशी मी जहाजावरून उतरलो तो नुसत्या कॉफीसाठी. जहाजावरची कॉफी म्हणजे कप धुतलेलं पाणी. जहाज कसलं, आडवी पाडलेली दुकानांची इमारत होती ती. लिफ्टमध्ये गाणी, जिन्यात गाणी, शौचालयातसुद्धा गाणी. डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, आमचेच फ्योर्ड, आम्हाला एका परक्या कंपनीच्या खिडकीतून बघायचे होते. ही कल्पना आमच्या जावयाची. योस्टाइन स्वयंपाकघरातली कपाटं विकतो आणि सुट्टीही तशीच निवडतो, सगळं आधीच बसवून मिळालेलं. बोर्घिल्ड पंचाहत्तर वर्षांची होणार होती. सगळ्या कुटुंबानं एकत्र जायचं, असं त्यानं आणि आमच्या मुलीनं, सुन्निवानं, परस्पर ठरवून टाकलं. नात इल्वा आठ वर्षांची. तिला तेवढं जहाज आवडलं. आठव्या वर्षी ते क्षम्य आहे.

भोंग्यावरून आवाज यायचा, उजव्या हाताला धबधबा, की हजार माणसं उजवीकडे. डाव्या हाताला सुळका, की तीच माणसं डावीकडे. सगळ्यांच्या अंगात कंपनीनं दिलेला एकाच निळ्या रंगाचा रेनकोट. योस्टाइननं माझ्यासाठीही एक आणला होता. मी घातला. तिरस्कार करतो मी अशा गोष्टींचा, आणि मग घालतो.

बोर्घिल्डचं विसरणं तोवर दोन हिवाळे जुनं झालं होतं. आयुष्यभर औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती ती, शेकडो औषधांची नावं जिभेवर. आता चमच्याला 'ते' म्हणायची. पण बाहेरच्या कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. तिची युक्ती तुला ठाऊक नसेल. आपल्याकडे एकदा भेटलेला माणूस पुन्हा भेटला की आधी म्हणतो, 'मागच्या भेटीचे आभार.' त्यावर आपण म्हणतो, 'माझ्याकडूनही.' न म्हणणं उद्धटपणाचं. या एका शब्दाची तिनं काठी केली होती. समोरचा माणूस ओळखीचा असो की नसो, 'माझ्याकडूनही' म्हणून ती असं हसायची की तोच सुखावून जायचा. नळ दुरुस्त करणाऱ्यालाही ती हे म्हणायची, आणि त्याला वाटायचं, बाईंनी काय लक्षात ठेवलंय आपल्याला.

आणि मी, ज्यानं या शिष्टाचाराच्या बोलांवर अख्खं पुस्तक लिहिलं, मी कौतुकानं बघत राहायचो. ते पुस्तक तूही परीक्षेपुरतंच वाचलं असशील. त्यात मी ठासून म्हटलंय की हे बोल पोकळ असतात, त्यांत अर्थ नसतो, नुसता आवाज असतो. प्राध्यापक लोक असं काहीही म्हणू शकतात. त्याचा त्यांना कुणी जाब विचारत नाही.

तर, स्टिलेफ्योर्डात जहाज थांबलं. होड्यांतून सगळ्यांना धक्क्यावर आणलं. निळा कळप बसमध्ये चढून धबधबा बघायला गेला. योस्टाइन, सुन्निवा आणि इल्वा वरच्या वाटेनं शेळ्या बघायला गेले. कॉफीचं दुकान अर्थातच बंद होतं. बोर्घिल्डचा हात धरून मी किनाऱ्यानं पुढे निघालो, तिला चालायला आवडतं म्हणून.

ऊन होतं. भर दुपारचं, पांढरं, सावली न पडणारं ऊन. फ्योर्डाच्या पलीकडे आणखी एक धबधबा कोसळत होता आणि त्याचा आवाज डोंगरावर आपटून दुप्पट होत होता. वळणापलीकडे पाण्याच्या काठाला होड्या ठेवायचं लाकडी बोटघर होतं, काळं, डांबर फासलेलं. त्याच्या उंबऱ्यावर एक बाई बसली होती. अंगात जाड लोकरीचा जुन्या घाटणीचा कोट. इतक्या उन्हात. आम्ही जवळ गेलो तसा वास आला, ओल्या लोकरीचा, डांबराचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी... ओहोटीनंतर दगडाखाली राहून गेलेल्या पाण्याला येतो तसा.

मला वाटलं, ही कंपनीनं भाड्यानं आणलेली नटी. सकाळीच भोंग्यानं सांगितलं होतं, जुन्या काळची माणसं तुम्हाला भेटतील. मला हसू आलं. कोट निदान कोरडा तरी द्यायचा तिला.

ती बोर्घिल्डकडे बघून म्हणाली, "मागच्या भेटीचे आभार, मालेने."

"माझ्याकडूनही," बोर्घिल्ड म्हणाली. आणि हसली, नेहमीसारखीच.

त्या क्षणी धबधब्याचा आवाज थांबला. पाणी समोर कोसळत होतं, मला दिसत होतं. पण आवाज नव्हता.

"मुलं रोज विचारतात तुझं," बाई म्हणाली. आवाज हळू, जिव्हाळ्याचा. "मी सांगते, येईल. ती म्हणालीय येईन."

बोर्घिल्डनं माझी बाही घट्ट धरली. ती अशी बाही धरते तेव्हा तिला काठी अपुरी पडलेली असते, हे मला ठाऊक आहे. मला त्या नटीचा राग आला. चुकीच्या नावानं हाक मारून एका विसरभोळ्या म्हातारीला गोंधळात टाकायचं, हा काय खेळ झाला? पण राग दाखवला तर बोर्घिल्डचं झाकलेलं उघडं पडलं असतं. म्हणून मी तिची बाजू सावरली. अगदी गोड आवाजात म्हणालो, "हो तर. फार छान झालं होतं तेव्हा. आम्ही अजून आठवण काढतो."

बाईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"तू नव्हतास तेव्हा," ती म्हणाली.

मी रेनकोटाची कॉलर नीट केली. 

"नव्हतास," ती पुन्हा म्हणाली, आता जरा समजुतीनं, लहान मुलाशी बोलावं तशी. "पण म्हणालास खरं. असू दे." मग बोर्घिल्डला म्हणाली, "येशील तेव्हा यालाही घेऊन ये."

"आणते," बोर्घिल्ड म्हणाली.

तिनं माझी बाही सोडली होती.

वळणावरून परत येताना धबधबा पुन्हा ऐकू यायला लागला. मी मागे वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. मी भित्रा आहे, एवढंच उत्तर निघतं.

जहाजावर जेवताना बोर्घिल्ड बोलायला लागली. दोन वर्षांत तिनं एक वाक्य पूर्ण केलं नव्हतं, आणि आता ओढ्यासारखी बोलत होती. उतारावरच्या गोठ्यात गायी कोणत्या क्रमानं बांधतात, त्यातली कोणती दूध काढताना लाथ मारते. भाकऱ्या भाजायच्या दगडाची कोणती बाजू जास्त तापते. शेवाळ वाळवून त्याचं काय करतात. सुन्निवाच्या डोळ्यांत पाणी आलं. योस्टाइननं बिअर मागवली.

"काय सासरेबुवा," तो म्हणाला, "तूच म्हणत होतास ना, जहाज म्हणजे मूर्खांचा बाजार? बघ आता. हवा, नुसती हवा लागली तिला."

मी त्याला सांगितलं की बोर्घिल्ड ड्रामेन शहरातल्या एका दंतवैद्याची मुलगी आहे आणि तिनं आयुष्यात गाईला हात लावलेला नाही. सुन्निवा माझ्यावर चिडली. आईला बरं वाटतंय तेही तुला बघवत नाही का बाबा, असं काहीसं म्हणाली. मला वाटलं, असेलही तसं. कुणास ठाऊक, मला मत्सरच वाटत असेल.

इल्वा आजीच्या मांडीवर रेलली होती. बोर्घिल्डनं तिचे केस मागे सारले, आणि प्रेमानं विचारलं, "तू कुणाची गं, बाळ?"

इल्वा हसली. "तुझीच की, आजी."

"नाही गं. माझी तिकडे आहेत."

योस्टाइन सोडून कुणीच हसलं नाही.

मी डेकवर आलो. जहाज निघत होतं. योस्टाइनची दुर्बीण माझ्या गळ्यात होती; त्यातून मी ते वळण शोधलं. सापडलं. काठाला गोल दगड होते आणि दगडांमध्ये गवत. बोटघर नव्हतं. मी चष्मा पुसला, दुर्बीण पुसली, पुन्हा पाहिलं. माझे डोळे कामातून गेलेत, वळण चुकलं असेल, असं स्वतःला सांगत होतो. तेवढ्यात डोक्यावरचा भोंगा बोलायला लागला, त्याच खुशीच्या आवाजात. डाव्या हाताला जुनी वस्ती होती. डोंगराचा कडा फ्योर्डात कोसळला, लाट उठली आणि एका सकाळी माणसांसकट सगळं धुऊन नेलं. तेव्हापासून इथं कुणीच राहत नाही. आणि हो, जुन्या पोशाखातली माणसं उद्याच्या बंदरावर भेटतील, कॅमेरे विसरू नका. हजार माणसं डावीकडे आली आणि दगडांचे फोटो काढू लागली.

दिवसभर मी ज्या भोंग्याची टर उडवत होतो, त्यानंच मला सांगितलं.

त्या गर्दीत, निळ्या रेनकोटात उभा राहून मी पहिल्यांदा माझ्या विषयाचा विचार केला. प्रामाणिकपणे म्हणजे, पुस्तकासाठी नव्हे. आभार मानणारा म्हणतो, आपली भेट झाली होती. 'माझ्याकडूनही' म्हणणारा म्हणतो, झाली होती. झालं. दोघांनी मान्य केलं. त्यानंतर ती भेट झालीच नव्हती असं म्हणण्यासाठी आपल्या भाषेत शब्दच नाही, सिवर्त. मी शोधला. आयुष्यभराचा अभ्यास असून एकही सापडला नाही.

मग मला एक गोष्ट सुचली, मूर्खाला सुचावी तशी. मी केबिनमध्ये गेलो. बोर्घिल्ड खिडकीशी बसून मागे पडत चाललेल्या काठाकडे बघत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. नवरा-बायको एकमेकांना हे कधी म्हणत नाहीत. म्हणायचं तर आधी एकमेकांचा निरोप घ्यायला हवा. आमच्यावर ती वेळ कधी आलीच नव्हती.

"मागच्या भेटीचे आभार, बोर्घिल्ड," मी म्हणालो.

नळवाल्याला म्हणायची ती. पोस्टमनला, चुकून बेल वाजवणाऱ्याला, ज्याला त्याला म्हणायची. मला तो एकच शब्द हवा होता, 'माझ्याकडूनही'.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. प्रयत्न करत होती ती, ते दिसत होतं. मग संकोचानं म्हणाली, "माफ करा. तुमची-माझी कधी भेट झाल्याचं मला खरंच आठवत नाही."

तुमची. ऐकलंस? आपल्याकडचं हे 'तुम्ही' केव्हाच मेलं. विद्यार्थी प्राध्यापकाला तू म्हणतो, जावई सासऱ्याला तू म्हणतो. बोर्घिल्डनं लग्नाआधीसुद्धा मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आणि तेव्हापासून ती मला हेच म्हणते. घर नीट चालवते, औषधं स्वतः घेते, मला वेळेवर जेवायला वाढते; एखाद्या सभ्य खानावळीत वाढावं तसं. डॉक्टर म्हणतात, नवल आहे. सुन्निवा म्हणते, बाबा, आता तरी कुरकुर थांबव. अधूनमधून बोर्घिल्ड अदबीनं विचारते, तुमची तयारी कुठवर आली? कसली तयारी, असं मी विचारत नाही. बघतो, म्हणतो. मी आयुष्यभर 'बघतो' म्हणत आलोय.

आता मघाचंच सांगतो. तू बेल वाजवलीस तेव्हा दार मी उघडलं. बाहेर उभ्या माणसाला हे दिसत नाही, म्हणून सांगतो. मी कडी काढण्याआधी दाराला खांदा लावला, ते जरा वर उचललं, आणि मग ओढलं. विचार न करता, रोजचं काम करावं तसं. सिवर्त, हे दार सप्टेंबरमध्ये नवं बसवलंय. एका बोटानं उघडतं. खाऱ्या पाण्यानं फुगलेलं लाकडी दार असं उचलून उघडतात. तसलं दार मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. मी कायम तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहिलो. बोर्घिल्डनंही मला असल्या दाराबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. मी डोक्याला ताण देऊन आठवून पाहिलं. नाही सांगितलं.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तू ओला कोट काढत होतास तेव्हा. तिचा चेहरा असा उजळला, की मला आमची पहिली वर्षं आठवली.

"आठवायला लागलं की तुला," ती म्हणाली.

तुला म्हणाली ती. जुलैपासून पहिल्यांदा. मला घाबरायला हवं, हे समजतंय मला, मी काही अगदीच वेडा नाही. पण मघापासून तुझ्याशी बोलतोय खरा, आणि माझे कान मात्र आत लागलेत, ती ते पुन्हा म्हणेल म्हणून.