मोडली का, हवालदार?

बसवंता, तोंड पाडून बसू नकोस. केक कापायला घरात सुरी नव्हती का? तलवार कशाला पाहिजे होती? मोबाइलवरून मागवलीस, गाडीच्या बोनेटवर केक ठेवून कापलास, वर त्याचा व्हिडिओ टाकलास. काल पोलीस आले आणि घेऊन गेले. बरं झालं. आता तारखा करशील तेव्हा कळेल, हौसेला मोल नसतं म्हणजे काय ते.

मघाशी विचारत होतास ना, पकडलेल्या तलवारीचं पुढं काय करतात म्हणून? सांगतो. डीपी जळालाय, लाइट काही एवढ्यात येत नाही. पण मधेच उठून जायचं नाही. अर्धवट ऐकलेली ही गोष्ट घरी घेऊन जाऊ नये.

माझे साडू होते, सटवाजी. पोलीस खात्यात हवालदार. ठाण्याचं नाव सांगणार नाही, तिथं आजही माणसं नोकरी करतात. अहमदपूरहून फार लांब नाही एवढं समजा. माणूस चेंगट, पाहुण्याला अर्धाच चहा पाजणारा, पण खोटं बोलणारा नव्हता. भुताखेतांना तर हसायचा. मी स्वतः भूत मानतो की नाही ते सोडा. सटवाजी मानत नव्हते, हे ध्यानात ठेवा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झालेला. त्याआधी सगळं उस्मानाबादला. जिल्हा वेगळा झाला तशा मुद्देमालाच्या गोण्या ज्या त्या ठाण्यात परत आल्या. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात पकडलेलं सामान. आमच्या साडूच्या मालखान्यात तलवारी, जंबिये, रझाकाराच्या काळातल्या दोन ठासणीच्या बंदुका, असलं सगळं गंजत पडलेलं. नव्या जिल्ह्याच्या नव्या साहेबांनी हुकूम काढला, की ज्यांचे खटले संपलेत ती बेकायदा हत्यारं पंचांसमोर मोडून टाका. दसरा झाला की लगेच.

त्या हत्यारांत एक तलवार होती. मुठीला पितळी वाघाचं तोंड. नागुबाई म्हणून एक बाई होती, तिच्या नवऱ्याचं रक्त त्या तलवारीला लागलेलं.

नवऱ्याचं नाव ग्यानोबा. छपन्न साली धम्म घेतलेलं घर, स्वतःचं चार एकर रान. त्या रानाच्या बांधावर एक विहीर होती. अर्धी ह्यांची, अर्धी शेजारच्या भुजंगची. पाणी मचूळ. त्या शिवारात तसलं पाणी दुसरं कुठं नव्हतं. त्या पाण्याचा चहा केला तर साखर घालूनसुद्धा मिठाची चव राहायची, मी स्वतः पिलोय. पाण्याची पाळी ठरलेली होती, आज ह्याची तर उद्या त्याची. एका रात्री ग्यानोबा आपल्या पाळीला पाणी धरत असताना भुजंग तलवार घेऊन आला. सकाळी प्रेत विहिरीत सापडलं.

खटला झाला. साक्षीदार एकेक करून फिरले. भुजंग सुटला. पण तलवार बिनपरवान्याची, तिला सोडता येईना. कोर्ट म्हणालं, मोडा.

माणूस सुटला आणि तलवारीला शिक्षा झाली. हसू नका. नागुबाईच्या पदरात न्याय म्हणून तेवढंच पडलं होतं. दर बाजाराच्या दिवशी ती ठाण्याच्या पायरीशी यायची. बसायची नाही, पाणी मागायची नाही. उभ्यानंच विचारायची.

"मोडली का, हवालदार?"

"न्हाई बाई, अजून हुकूम यायचा हाय."

ती मान हलवून निघून जायची. वर्षानुवर्षं हेच. हुकूम आला तेव्हा साडूंनी तिला आपणहून सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ये, तुझ्या डोळ्यांदेखत मोडतो. बाई पहिल्यांदाच पायरीवर बसली म्हणे. पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून होती.

आता ऐका, साडूंनी काय घोळ घातला तो.

खंडेनवमीला ठाण्यात, मालखान्यातच, हत्यारांची पूजा असते. ठाण्याच्या रायफली तेव्हा मोजक्याच. पाट भकास दिसायला लागला, आणि नवे साहेब सकाळी पूजेला येणार होते. साडूंना वाटलं, मालखान्यात एवढ्या तलवारी पडल्यात, त्याही मांडू, पाट भरल्यासारखा दिसेल. मांडल्या. झेंडू दुष्काळात कुठला मिळतोय, कागदाची फुलं ठेवली. सगळ्यांना हळदी-कुंकू लावलं. वाघाच्या तोंडाच्या तलवारीलासुद्धा. साहेब खूश होऊन गेले.

दुपारी नरसिंग लोहार आला. हत्यारं त्याच्याच भट्टीत तापवून मोडायची होती, वेळ विचारायला आला होता. पाट बघितला आणि दारातच थांबला.

"हवालदार, ह्यास्नी कुंकू कुणी लावलं?"

"म्या लावलं. का गा?"

"आता म्या घण घालणार न्हाई."

"येड लागलं का तुला? सरकारी काम हाय."

"असंल. पूजलेल्या हत्याराला लोहार हात लावत न्हाई. आन् ऐका, उद्या दसऱ्याची पूजा होऊस्तोर पाटावरनं हलवू बी नका. त्यातल्या एकीनं माणूस खाल्लंय. तिला कुंकू लावलं म्हंजी तुमी तिला जागं केलं."

साडू हसले. पण दुसरा लोहार शोधायचा कुठं? शेवटी ठरलं, की हत्यारं गोणीत भरून लातूरला पाठवायची, तिथं गॅसकटरवर कापतील. म्हणजे नागुबाईच्या डोळ्यांसमोर काही मोडली जाणार नव्हती. आणि ही बातमी भुजंगला चहाच्या टपरीवर कळली.

भुजंग संध्याकाळी साडूंच्या घरी आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. सगळ्या विहिरी कोरड्या ठणठणीत, टँकर आला तर आला. माझी मेव्हणी सुमनबाई गुडघ्यांनी अधू, तरी दोन घागरींसाठी कोसभर जायची. भुजंगच्या आखाड्यावर मात्र नवं बोअर लागलेलं. शेतातलं त्याचं घर म्हणजे आखाडा, तिथं पाणी धो धो.

"ती तलवार माझ्या आज्याची हाय, हवालदार," भुजंग म्हणाला. "लातूरला कोण बघायलंय कोणती कापली ते? गोणीत दुसरी जुनी टाका. पावसाळ्यापत्तुर तुमच्या दारात रोज बैलगाडीनं पाणी टाकतो. वहिनीला घागर उचलू देणार न्हाई."

 आत मेव्हणी गुडघ्याला तेल चोळत बसली होती. साडूंनी तिच्याकडं बघितलं... आणि मान डोलावली.

चिडू नको बसवंता. मलाही राग आला होता ऐकून. पण दोन वर्षं घशाला कोरड पडलेल्या माणसाला पाणी दाखवणं काय असतं, ते तुमच्या बाटलीबंद पिढीला नाही कळायचं.

तर त्या रात्री, खंडेनवमीच्याच रात्री, साडेदहाच्या सुमाराला साडूंनी मालखाना उघडला. पाटावरून ती तलवार उचलली. कुंकू तसंच होतं. पोत्यात गुंडाळली, सायकलच्या दांडीला बांधली. पहाऱ्यावर महादेवप्पा शिपाई होता, त्याला म्हणाले, येतो जरा जाऊन.

आखाडा तीन-चार मैलांवर. नवमीचा चांद पश्चिमेला झुकलेला, त्यामुळं रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंना पेरलेलं करपून गेलेलं. किडा वाजत नव्हता. दुष्काळात रात्रीसुद्धा मुकी होते. साडू आपले पायडल मारत होते आणि मनाशी म्हणत होते, आपण काय कुणाचा जीव घेतोय? लोखंडाचा तुकडा तर आहे.

वाटेत ती विहीर.

रस्त्याला लागूनच. तिथं थोडा चढ आहे, फुफाटा आहे, सायकल चालत नाही. साडू उतरले. सायकल हातात धरून चालायला लागले.

तेवढ्यात चाक वाजलं.

सायकलचं नाही. विहिरीवरचं. पोहरा ओढताना जसं करकरतं तसं. करर... करर...

साडूंना आधी बरंच वाटलं. टँकरवाल्यानं विहिरीत पाणी ओतलं असेल, कुणीतरी शेंदत असेल. माणसाची सोबत झाली. ते कठड्याकडं वळले.

कठड्यावर कुणी नव्हतं.

चाक होतं. गंजलेलं. त्यावर दोरसुद्धा नव्हता.

साडूंनी बॅटरी काढली. खाली मारली. तळ दिसला. भेगाळलेला चिखल, वाळून खडक झालेला. एक फुटका डबा. पाण्याचा थेंब नाही.

त्यांनी बॅटरी तशीच धरून ठेवली.

आणि त्या उजेडात, त्या कोरड्या तळातून आवाज आला. डुबुक... पोहरा पाण्याला टेकावा तसा. मग भरल्या पोहऱ्यातनं पाणी गळावं तसा. आवाज वर यायला लागला. हळू. करर... करर...

बॅटरीत काहीच दिसत नव्हतं. आवाज वर येत होता.

साडू मागं सरकले. सायकल धरली. पाय उचलेना.

आवाज कठड्याशी आला... थांबला.

कुणीतरी दम घेतला. पाणी ओढून माणूस घेतो तसा.

"मोडली का, हवालदार?"

बाईचा आवाज नव्हता. गडीमाणसाचा. रागाचा नाही. काम करता करता विचारावं, तसा.

 साडू कसेबसे बोलले.

"मोडायचीच हाय... परवा..."

काही नाही... वारा नाही. पान हलत नाही...

मग आवाज आला. एका पावलावरून.

"मग आज कुठं न्यायलाव?"

साडूंचा हात नकळत दांडीवरच्या पोत्याकडं गेला. 

पायावर काहीतरी गार पडलं. थेंब. पुन्हा एक. त्यांनी खाली बघितलं. दांडीला बांधलेलं पोतं गळत होतं. चिंब. जसं आत्ताच कुणी पाण्यातून काढलं होतं.

...

सायकल कशी वळवली ते त्यांना आठवत नव्हतं. बसायचं भान नाही, हातात धरूनच पळत सुटले. मागं कुणी येत नव्हतं. पण चाक वाजत होतं. ठाण्याचा दिवा दिसेपर्यंत वाजत होतं.

महादेवप्पानं बघितलं तर साडूंच्या अंगातून घाम निथळतोय. "काय झालं जी?" म्हणून त्यानं विचारलं. साडूंनी पोतं सोडलं. पोतं कोरडं होतं. तलवार अख्खी, कुंकू जिथल्या तिथं. त्यांनी ती पाटावर जागच्या जागी ठेवली, मालखान्याला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि दाराला पाठ लावून बसले. महादेवप्पाला म्हणाले, "तू बी बस इथंच. उठायचं न्हाई." दोघंही उजाडेपर्यंत तिथून हलले नाहीत. आतून काही आवाज आला नाही, हे महादेवप्पानंही मला नंतर सांगितलं.

तिकडं भुजंग आखाड्यावर रात्रभर वाट बघत बसला होता. दिवस उगवला तसा तावातावानं ठाण्यात आला. साडूंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेवढ्यात फाटकातून नागुबाई आली. दसऱ्याचा दिवस, पांढरंशुभ्र लुगडं नेसून विहारात निघाली होती. मोडायचा दिवस दुसरा होता हे तिला ठाऊक होतं. पण वाटेत ठाणं लागलं आणि विचारल्याशिवाय तिला पुढं जाता येईना.

"मोडली का, हवालदार?"

तोच प्रश्न. तेच शब्द.  भुजंग खाली मान घालून नखं कुरतडत होता. खोटं बोलायची ताकद साडूंत उरली नव्हती. ते म्हणाले, "ये बाई, तूच बघ." आणि त्यांनी करगोट्याची किल्ली सोडून कुलूप काढलं.

पाटावर सगळी हत्यारं तशीच होती. हळदी-कुंकवाची, कागदाच्या फुलांची. वाघाच्या तोंडाची तलवार मात्र मधोमध मोडून पडली होती. तापवल्याची खूण नाही, घणाचा घाव नाही. वाळलेली काटकी मोडावी तशी. तिच्यावरचं कुंकू धुऊन गेलं होतं. दोन्ही तुकडे ओले होते, आणि पाटाखाली फरशीवर पाण्याचं थारोळं साचलं होतं.

 भुजंग भिंत धरत धरत मागं सरकला आणि बाहेर निघून गेला. त्या विहिरीकडं तो पुढं कधी फिरकला नाही, अर्धा वाटासुद्धा सोडून दिला.

नागुबाई खाली बसली. मोडलेल्या पात्यावरून तिनं हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, ते तिनं पुसलंही नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, ओलं झालेलं बोट तिनं जिभेला लावलं.

 मग साडूंकडं मान वर करून म्हणाली,

"मचूळ हाय, हवालदार. आमच्याच इहिरीचं हाय."