तुरोरीच्या पानावरची ओळ

उमरग्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा माणिकप्पा १९४६च्या उन्हाळ्यात रोज दुपारी शरणम्माच्या ओसरीवर बसून तिच्या नवऱ्याच्या वह्या इंग्रजीत उतरवत होता. कल्याणप्पा हैदराबादेत अर्थशास्त्र शिकवायचे. निजाम सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य सक्तीनं उचलू लागलं, तेव्हा नोकरी सोडून ते गावोगाव फिरले. कोण काय पिकवतं, काय खातं, विचारून लिहून घेतलं. मागच्या दिवाळीत ते वारले. हे पुस्तक इथं छापणं शक्यच नव्हतं. मुंबईचा एक छापखाना इंग्रजीत काढायला तयार होता.

काम रुक्ष होतं, पण माणिकप्पाचं मन त्यात रमायचं. 'शिल्लक' या एका शब्दापाशी तो दोन दिवस अडून बसला होता.

सहाव्या वहीत तुरोरीची धुरपदाबाई म्हणत होती, "आमी बरबडा खाल्ला." नोंद तिथंच संपत होती, खाली पान कोरं होतं. बरबडा म्हणजे काय, ते माणिकप्पाला ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी तो सायकल काढून तुरोरीला गेला.

धुरपदाबाई दारातच बसली होती. मनगटं वाळक्या काटकीसारखी.

"रानातल्या गवताचं बी," ती म्हणाली. "दळून खायाचं. तुमच्या सायबांना परवाच सांगितलं की म्या."

"कुठल्या साहेबांना?"

"काळी टोपी, जाड भिंगाचा चष्मा. लई हळू बोलत्यात."

कल्याणप्पांच्या समाधीत माणिकप्पानं स्वतःच्या हातानं माती लोटली होती.

परतून त्यानं थेट वही उघडली. 'बरबडा'च्या खाली आणखी एक ओळ होती. तेच बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर.

'ही बाई गुरुवारी उपासमारीनं गेली.'

"आक्का, वहीला कुणी हात लावला?"

शरणम्मा चिंचा फोडत होती. तिनं मान वर केली नाही. "त्यांच्याबगर कोण लावणार? गावं राहिलीत त्यांची."

ती ओळ इंग्रजीत करायला माणिकप्पाचा हात धजेना. गुरुवार अजून तीन दिवस लांब होता.

तो घरी गेला. बायको, गिरिजाबाई, विहिरीवर गेलेली आणि आई आत झोपलेली बघून त्यानं कणगीतली अर्धी ज्वारी पोत्यात भरली आणि सायकलला बांधून तुरोरीला पोचवली. धुरपदाबाई पोत्यावर हात ठेवून बसली.

गुरुवारी तो पुन्हा गेला. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

शुक्रवारीही थापत होती.

परतताना कितीतरी दिवसांनी माणिकप्पा गुणगुणत होता. ओसरीवर येऊन त्यानं वही उघडली. ती ओळ खोडलेली होती.

समासात नवे शब्द होते. शाई ओली होती.

'धान्य कुणाच्या घरातून आलं?'

माणिकप्पा सायकल तिथंच टाकून घराकडं पळत सुटला.

गिरिजाबाई दारात उभी होती.

"आत्ताच एक साहेब येऊन गेले," ती म्हणाली. "कणगीत वाकून बघितलं. घरात खाणारी माणसं किती, म्हणून इचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"खरं ते. तुम्ही, मी आन् सासूबाई. तीन."

तिनं मागं वळून कणगीकडं बघितलं.

"त्यांनी दोन लिहिलं."