अकरा तुकड्यांची तबकडी

कपाटात चाळीस कव्हरं होती. एकोणचाळीस कव्हरांत एकेक तबकडी, चाळिसावं रिकामं. जमिनीवर अकरा काळे तुकडे, एक उपडा कप आणि सांडलेला चहा.

"हिशेब जुळला," डॉक्टर म्हणाले. "वाऱ्याने पडदा उडाला, कप पडला, सोबत रेकॉर्ड पडली. चला वहिनी, माझे पेशंट गाल धरून बसलेत."

"बसू द्या, भावोजी. दात कुठे पळून जात नाहीत."

वहिनी खाजगी गुप्तहेर होत्या. दातांचे डॉक्टर त्यांचे धाकटे दीर. त्यांचं ऐकून आता पोलीसही त्यांना वहिनीच म्हणत.

दारात ताई उभ्या होत्या. सत्तरी उलटलेल्या, रात्रभर न झोपलेल्या. कालपासून त्यांनी तुकड्यांना कोणाला हात लावू दिला नव्हता.

"बाबांच्या शब्दांच्या चाळीस रेकॉर्डी निघाल्या," त्या म्हणाल्या. "एकाही लेबलावर त्यांचं नाव नाही. तेव्हा गाणाऱ्याचं छापायचे, लिहिणाऱ्याला कोण विचारतो! गाणं संपलं की गाणारे आपलं नाव सांगायचे. या एका गाण्यात मात्र गाणाऱ्या बाईंनी स्वतःचं सोडून बाबांचं सांगितलं. आता त्या बाईंच्या गाण्यांचा संग्रह निघतोय, आज संध्याकाळी मुखपृष्ठ छापायला जाणार. नाव ऐकवलं तर बाबांचं छापतील. नाहीतर 'गीतकार अज्ञात'."

"गाणं केवढं होतं?"

"सव्वातीन मिनिटं. लहानपणी घड्याळ लावून ऐकायचे मी. कंपनीवाले तीनच्या पुढे जाऊ देत नसत, आणि बाबा कडवं कापू देईनात. शेवटी बाईंनी नाव अगदी धावत घेतलंय."

"काल कोण आलं होतं?"

"तिघं. ग्रामोफोन देणारे संग्राहक, संग्रह काढणाऱ्या कंपनीचा ध्वनितंत्रज्ञ आणि त्या गाणाऱ्या बाईंचा नातू. काल नुसती पाहणी होती, वाजवायची आज होती. निरोप द्यायला मी फाटकाशी गेले, तर तिघंही एकेकदा परत आत आले. कोणाचा चष्मा राहिला, कोणाची वायर, कोणाची छत्री. बाहेर रस्ता फोडण्याचं यंत्र चालू होतं. काही ऐकू येईल तर शपथ!"

वहिनींनी डॉक्टरांच्या चिमट्याने लेबलाचा तुकडा उचलला. कागद भिजून, घासून पांढरा झाला होता. त्यांनी तुकडा उलटला. मागचं लेबलही तसंच.

"भावोजी, तुमचा आरसा आणि टोकदार सुई काढा. हा तुकडा कडेपासून लेबलापर्यंत सलग आहे. एका सेंटिमीटरमध्ये किती रेषा आहेत, मोजा."

"यापेक्षा अक्कलदाढ काढणं सोपं," म्हणत डॉक्टर जमिनीवर पालथे पडले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा म्हणाले, "अडतीस."

"आणि रेषांची पट्टी केवढी रुंद?"

"पाच पूर्णांक एक. मागच्या बाजूला त्याहून कमी. मग लेबलापर्यंत नुसती कोरी जागा." डॉक्टर उठून बसले. "यात काय आहे?"

"तेच तर!" वहिनींचे डोळे चमकले. "बोलवा तिघांना. आत्ताच्या आत्ता!"

संग्राहक आले ते भडकूनच. "मी चोर? अहो, मी रेकॉर्ड नुसती उजेडात धरून सांगतो, किती मिनिटांची आहे ते! आणि चोरलीच असती तर हे मूळ कव्हर मागे ठेवलं असतं? कव्हराशिवाय रेकॉर्ड म्हणजे बिनदाराचं घर."

"काल काय पाहिलंत?"

"दहा इंची, लेबलापर्यंत गच्च भरलेली. देखणी होती हो!"

तंत्रज्ञ जांभई देत आला. "मॅडम, मला काय फरक पडतो? नाव असलं काय, नसलं काय, माझं काम तेच. उलट काल मीच ताईंना म्हटलं, एवढ्या भरलेल्या रेकॉर्डला हलकी सुई लावा."

शेवटी नातू आला. नम्र, इस्त्रीचा सदरा. ताईंना मावशी म्हणायचा. "फार वाईट झालं. आजीच्या आवाजाचा एक ठेवा गेला. मावशी, मन रमवायला म्हणून सांगतो. कपाटातली ती विनोदी संवादांची रेकॉर्ड मी दोन दिवस नेऊ का? साफ करून आणतो."

"ने रे बाबा," ताई म्हणाल्या. "आता कशाला नाही म्हणू?"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "सगळे बसा."

डॉक्टर सगळ्यांत आधी बसले.

"सांडलेला चहा रेकॉर्डच्या एका बाजूला लागतो. इथे दोन्ही लेबलं भिजवून पुसली आहेत. म्हणजे वारा नव्हे, माणूस. पण फोडायचीच होती तर लेबल कशाला पुसायचं?"

"वाचू नये म्हणून?" डॉक्टर.

"शाबास. म्हणजे ही ती रेकॉर्ड नाहीच! रेषा म्हणजे फेरे. सेंटिमीटरला अडतीस, पट्टी पाच पूर्णांक एक. झाले एकशे चौऱ्याण्णव फेरे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे धरले तर अडीच मिनिटंही होत नाहीत. दुसरी बाजू त्याहून लहान. ताईंचं गाणं सव्वातीनचं आहे."

ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "मग माझी कुठे आहे?"

"कपाटात. चोराने दुसरी रेकॉर्ड काढून फोडली आणि तुमची तिच्या कव्हरात सरकवली. म्हणून तर हिशेब जुळला, आणि कोणी कव्हरं उघडून पाहिली नाहीत!"

"वहिनी, मीच म्हणालो होतो जुळला म्हणून," डॉक्टर पुटपुटले.

"आता चोर. या दोघांनी रेकॉर्ड गच्च भरलेली आहे हे काल एका नजरेत ओळखलं. ते तिच्या जागी एवढी कोरी जागा उरलेली कशाला फोडतील? ही चूक ज्याला सगळ्या काळ्या तबकड्या सारख्याच दिसतात त्याची. आणि ज्याला फक्त आजीच्या आवाजात रस आहे, त्याने आजीचा आवाजच नसलेली रेकॉर्ड घरी का मागावी?"

नातवाने मान खाली घातली.

वहिनींनी विनोदी संवादांचं कव्हर ओढून उघडलं. आतलं लेबल वाचताच ताईंनी तोंडावर हात ठेवला.

"आजीने गाणी स्वतः लिहिली, असं मी तिच्यावरच्या पुस्तकात लिहिलंय," नातू म्हणाला. "पुस्तक छापून झालंय. ते नाव ऐकलं असतं तर..."

"मग हीच फोडायची ना!" डॉक्टरांना राहवलं नाही.

"हातात धरली होती. नाही जमलं. आजी आहे हो त्यात."

"अरे, तिनेच तर घेतलंय ते नाव," ताई म्हणाल्या. "आणि तू तिलाच गप्प करायला निघालास?" त्यांचा हात उगारल्यासारखा वर गेला, आणि त्याच हाताने त्यांनी खुर्ची दाखवली. "बस इथे. ऐकून जा."

संग्राहकांनी ग्रामोफोनला चावी दिली. तंत्रज्ञाने हलकी सुई लावली आणि माइक जवळ सरकवला. डॉक्टरांनी घड्याळ हातात घेतलं. खरखर झाली, पेटी वाजली, आणि तो उंच, कोवळा आवाज खोलीभर पसरला. तिसरं कडवं झालं. चौथं झालं. मग धाप लागलेल्या आवाजात तीन शब्द आले.

सुई लेबलाशी टेकून थांबली. तंत्रज्ञाने आकडे लिहून घेतले: गाणं तीन मिनिटं बारा सेकंद, नाव तीन सेकंद.