जाईबाईच्या विहिरीचं पाणी

ही गोष्ट खरी आहे. कमेंटमध्ये शहाणपणा शिकवणाऱ्यांनी इथूनच परत जावं. मी जन्मभर केमिस्ट म्हणून नोकरी केली. अंगारे-धुपारे मला चालत नाहीत.

साल १९७३. दुष्काळाचा उन्हाळा, भर दुपार.

मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेकडं एक गाव आहे. नाव सांगणार नाही. माझी थोरली बहीण, अक्का, तिथं दिलेली. तिचं लेकरू काही महिन्यांचं होतं आणि तिचं दूध आटलं होतं. ते लेकरू जगतंय का नाही, हाच घोर मला रात्रंदिवस.

गावात एकाच विहिरीला पाणी लागलं, सोसायटीच्या. ती खोल केली बौद्धवाड्यातल्या माणसांनी, दुष्काळी कामावर. पाणी लागलं आणि त्याच दिवशी त्यांना सांगितलं, आता विहिरीला शिवायचं नाही.

जाईबाई त्याच कामावर होती. तिनं घोटभर पाणी मागितलं. दिलं नाही. मग ती स्वतःच शिडीनं खाली उतरायला लागली.

वरून कुणीतरी शिडी हलवली...

ओठाला पाणी लागायच्या आधीच ती कपारीवर आपटून गेली. शिडी कुणी हलवली ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. हलकट लोक! अजून डोकं फिरतं माझं.

विहिरीत माणूस गेलं की सगळी विहीर उपसायची, मगच पाणी प्यायचं, ही आपल्याकडची रीत. पण सोसायटीचा चेअरमन चन्नबसप्पा म्हणाला, असल्या दुष्काळात पाणी कोण फेकतंय? त्यानं नुसतं लाल औषध टाकलं, पोटॅशियम परमँगनेट. ते जरा जास्तच पडलं. पाणी जांभळं झालं.

एरवी तो रंग एक-दोन दिवसांत जातो.

इथं जाईना...

तेव्हा चन्नबसप्पा बाटली भरून आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आला. किती टँकर ओतले की पाणी पिण्याजोगं होईल, तेवढं गणित कागदावर द्या म्हणाला, आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसला.

ऊस नव्हता. कारखाना बंद. लॅबमध्ये मी एकटा.

गणित सोपं. एक भाग विहिरीचं पाणी, नऊ भाग शुद्ध पाणी. तीव्रता दहावा हिस्सा झाली. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नऊ भाग शुद्ध. शंभरावा हिस्सा. पुन्हा तसंच, की हजारावा. दर फ्लास्कला रंग फिका होत गेला पाहिजे. शाळकरी पोरालाही कळतं.

तिसरा फ्लास्क भरला. उजेडात धरला.

पहिल्याइतकाच जांभळा. पाणीही ओतल्यापेक्षा कमी...

माझीच चूक झाली असेल म्हणून आमच्या कपाटातलं लाल औषध घेऊन तसंच केलं. ते बरोबर फिकं झालं. मग विहिरीचं पुन्हा घेतलं. फ्लास्कच्या मानेवर खूण असते, तिथपर्यंत शुद्ध पाणी भरलं. या वेळी नजर हलवली नाही.

घोट...

कुणीतरी पाणी गिळल्याचा आवाज. अगदी माझ्या कानाशी.

फ्लास्कमधलं पाणी खुणेखाली गेलं.

घोट... घोट...

टेबल कोरडं होतं. फ्लास्क कुठंच फुटला नव्हता. तळाशी फक्त मी आधी टाकलेलं विहिरीचं पाणी उरलं, तेवढंच, तसंच गडद. वर ओतलेलं शुद्ध पाणी कुणीतरी पिऊन टाकलं होतं.

पाणी पातळ होणार कुठून?

मी बाहेर पळालो. चन्नबसप्पाला म्हणालो, कितीही टँकर ओता, उपयोग नाही. विहीर उपसा.

तो जागचा हललाही नाही. "एका बाईपायी गाव तहानेनं मारू का? सकाळीच विहीर खुली केली म्या. लोक पाणी भरायलेत. मला फक्त तुमचा कागद पायजे."

कोरा कागद त्याच्या तोंडावर भिरकावला आणि सायकल काढली. त्या उन्हात अक्काच्या दारात पोचलो तर ती पाणी फडक्यानं गाळत बसली होती. मी घागर लाथेनं उडवली.

"अक्का, तू पिलीस का हे?"

"म्या न्हाय रं," ती म्हणाली. "आधी लेकराला पाजलं."

लेकरू रडत होतं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

ते लेकरू जगलं. गुरुलिंग, माझा भाचा. आता पन्नाशी उलटली त्याची. अक्का गेल्यापासून माझ्याकडंच असतो. दिवसभर पाणी पितो आणि ओठ फुटलेले ते फुटलेलेच. सोलापूरच्या डॉक्टरांनी साखर तपासली, किडन्या तपासल्या. काही निघालं नाही. तो एकच सांगतो, "मामा, मी पितो, पण मला पोचतच न्हाय. मधीच कुणीतरी पितंय."

परवा दुपारी गुरुलिंग बाहेर गेला होता. मी तांब्या तोंडाला लावला, गटागटा प्यालो. तांब्या रिकामा झाला.

माझा घसा कोरडाच...

हे लिहितानाही कोरडाच आहे.