झाकणाखालचे आठ डोळे

जुईलीला फक्त आठ डोळे हवे होते!

आठ महिन्यांपूर्वी अचलपूरच्या उत्तरेला, डोंगरातल्या एका नाल्यात तिला झाकणकोळ्याची मादी सापडली होती. मातीत बीळ, बिळाला रेशमी बिजागरीचं झाकण आणि झाकणाआडून डोकावणारे दोन पाय. कोळी-कीटक ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर तिने फोटो चढवला, तेव्हा तिथल्या तज्ज्ञाने लिहिलं, 'बहुधा नवी जात. डोळ्यांची मांडणी दिसल्याशिवाय नाव देता येणार नाही.' जठारपेठेत राहणाऱ्या या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिकेची झोपच उडाली.

नोंदीच्या बाबतीत बाई भारी कडक. विद्यार्थ्याने जागा अंदाजे लिहिली, की वही परत! तिने स्वतः बिळाची जागा संकेतस्थळाच्या नकाशावर, सगळ्यांना दिसेल अशी, मीटरभरही न चुकवता टाकली होती.

पावसाळा ओसरताच, संकेतस्थळावर तसं कळवून, ती निघाली. संकेतस्थळावरचे फोटोचे धडे तिला तोंडपाठ होते: फोकस डोळ्यांवर, उजेड बाजूने, फ्लॅशपुढे पांढरा पडदा. तो पडदा तिने आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाचा केला होता.

"माझ्या वाढदिवसाला नसते एवढी तयारी," नवरा शुभंकर पिशवी खांद्याला लावत म्हणाला.

वाट दाखवायला खुशालराव होते. त्यांचं शेत नाल्याच्या तोंडाशीच. पण तिथे पोचताच ते थबकले.

"ताई, आठ दिवस झाले, आतून आवाज येऊन राहिला. ढोरंबी जात नाहीत तिकडे."

"कसला आवाज, काका?"

"आता काय सांगू तुले? कोणी हाका मारून राहिलं, असं वाटते."

शुभंकर हसला, पण पुढे मात्र त्याने जुईलीलाच होऊ दिलं.

भर दुपार होती, तरी नाल्यात संध्याकाळचा उजेड होता. दोन्ही बाजूंचे कडे वर जाता जाता जवळ येत होते आणि शेवाळलेल्या दगडांवरून पाणी आवाज न करता सरकत होतं. पाखरू बोलत नव्हतं. तासभर ते तिघे दगडांना धरून चढत राहिले. मग वारा सुटला.

हू... हूऽऽ...

शुभंकरने तिचा हात घट्ट धरला. आवाज समोरच्या दरडीतूनच येत होता! जुईली पुढे झाली आणि जागीच खिळली.

दरडीला भोकंच भोकं पडली होती. प्रत्येक भोकात एक प्लास्टिकची नळी. दुर्मिळ कोळी पकडून विकणारे, बीळ हरवू नये म्हणून खणताना घालतात तशी. वारा नळ्यांच्या तोंडांवरून जात होता आणि त्या घुमत होत्या. खाली सपाट दगडावर बिळांची झाकणं कुणीतरी नीट ओळीत मांडून ठेवली होती. सतरा झाकणं. बिळं सगळी रिकामी.

"कोणी नेल्या?" शुभंकर पुटपुटला.

इतक्यात वर, उंबराच्या मुळाखाली, मातीचा एक गोल किंचित हलला.

एक उरली होती!

ती चढली, मागोमाग खुशालराव. पोटावर सरपटत मुळापाशी पोचली. गवताच्या काडीने झाकणाला हलकेच टिचकी दिली. झाकण उघडलं. आठ काळे ठिपके तिच्याकडे बघत होते. फ्लॅश! पुन्हा फ्लॅश! आणि खणून पोकळ झालेली दरड तिच्या पोटाखालून सुटली!

"ताई!" खुशालरावांनी तिचा पाय पकडला. माती धडधडत खाली गेली, नळ्या गेल्या, घुमणं एकदम थांबलं. मूळ तेवढं जागेवर होतं. झाकण मिटलं होतं.

परतवाड्याच्या बसस्टँडवर मोबाइलला रेंज आली. फोटो लखलखीत आला होता. आता फक्त चढवायचा. तेवढ्यात तिच्या जुन्या नोंदीखाली एक निरोप उमटला. बिननावाचं, बिनचेहऱ्याचं खातं.

'पुन्हा गेला होतात? किती उरल्या?'

चोराला वाट तिनेच दाखवली होती. तीही मीटरभर न चुकता! तिला रडूच कोसळलं.

मग डोळे पुसून तिने आयुष्यातली पहिली खोटी नोंद केली: 'एकही नाही.' त्यानंतर नकाशावरची जागा पुसली, जुना फोटो काढून टाकला. नवा चढवलाच नाही.

बसपर्यंत सोडायला आलेल्या खुशालरावांनी चहाचा कप पुढे केला. "लागलं का मंग नाव तिले?"

"नाही, काका."

"राहू दे. जित्ती हाये ना?"


"हो," जुईली म्हणाली आणि तिने मोबाइल पिशवीत टाकला.